पाना हातात घे, पण मजुरी वेगळी लिही

"काका, माझं वय २५. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि तीन वर्षं शिरवळच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. सतरा हजार हातात पडतात. कॉन्ट्रॅक्टर बदलला की परत पहिल्यापासून सुरुवात. साताऱ्यात आमच्या आप्पांचं १९८८ पासूनचं सायकलचं दुकान आहे, जागा स्वतःची. मी तिसरीत असल्यापासून पंक्चर काढतोय. आता नोकरी सोडून दुकानात बसावं, गियरच्या सायकलींचं काम सुरू करावं असं डोक्यात आहे. आप्पा ऐकत नाहीत. 'मी जन्मभर हात काळे केले ते तू पण करावेस म्हणून नव्हे,' एवढंच म्हणतात. लग्नाचं बघणं चालू आहे. सायकलचं दुकान म्हटलं की समोरची माणसं चहा संपवून उठतात. सायकल मेकॅनिकचं काम करिअर म्हणून करता येतं का? कोर्स करावा का? ई-सायकलींमुळे हा धंदा वाढेल की बुडेल? खरं काय ते सांगा."
— एक सातारकर

प्रिय सातारकरा,

करता येतं. तू खरं विचारलंस म्हणून हे उत्तर आधी देऊन टाकतो. मी पुण्यात छत्तीस वर्षं हेच काम करतोय. घर याच्यावर झालं, दोन्ही पोरं याच्यावर शिकली. पण मधली दहा-बारा वर्षं अशी गेली की बायकोच्या शिवणयंत्रावर घर चाललं. त्या वर्षांत माझं काम वाईट होतं म्हणशील तर तसं अजिबात नाही. उलट हात तेव्हाच सगळ्यात तयार होता. मग अडलं कुठे, ते तुला नीट सांगायला हवं, कारण तुझे आप्पा जिथे अडले असणार तीच ती जागा आहे.

आमच्या पिढीच्या दुकानांचा हिशेब आप्पांना विचार. पैसा तीन वाटांनी यायचा. तासावर भाड्याने दिलेल्या सायकली, सुट्या भागांची विक्री आणि शाळा सुरू व्हायच्या आधी ओव्हरऑइलिंगला, म्हणजे पूर्ण खोलून तेल-ग्रीस करायला, येणाऱ्या सायकली. दुरुस्तीची मजुरी या तिघांच्या आडोशाला असायची. गिऱ्हाईकाने ट्यूब घेतली की बसवून द्यायची. ब्रेकची रबरं घेतली की लावून द्यायची, हात लागलाच आहे तर चाकाचा आउटही काढून, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करून, द्यायचं आणि वर "असू द्या हो" म्हणायचं. मग घरोघरी लूना आली, स्कूटी आली. ज्या पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तिथे भाड्याच्या सायकली भंगारात निघाल्या. पुढे सुटे भाग मोबाइलवर मिळायला लागले. आडोसा सगळा गेला आणि उघड्यावर उरला तो आपला हात. त्या हाताचे पैसे मागायची मात्र आपल्याला सवयच नव्हती.

एक दिवस एक गृहस्थ मागच्या चाकाची ट्यूब घरूनच घेऊन आले, ऑनलाइन मागवलेली. मी चाक उतरवलं, टायर आतून बोटं फिरवून तपासला, त्यात रुतलेली बारीक तार काढली, ट्यूब घातली, चाक चढवलं, ब्रेक जुळवला. वीस-पंचवीस मिनिटं गेली. "किती झाले?" म्हणाले. मी नेहमीसारखं "द्या काय द्यायचे ते" म्हणालो. त्यांनी दहाची नोट ठेवली आणि मनापासून आभार मानून गेले. त्यांची काहीच चूक नव्हती. माझ्या कामाची किंमत मीच सांगितली नव्हती, मग त्यांना कुठून कळणार? टायरमधली ती तार मी काढली नसती तर नवी ट्यूब कोपऱ्यावर पोचायच्या आत पंक्चर झाली असती, हेसुद्धा मी त्यांना बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी पावतीपुस्तक आणलं आणि प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने रेघ मारली. एका बाजूला "सामान", दुसऱ्या बाजूला "मजुरी". ती रेघ मारायला मला वीस वर्षं लागली. जुनी काही गिऱ्हाइकं तुटली, एकदोघांनी तोंडावर सुनावलं. पण जी राहिली त्यांनी विचारायला सुरुवात केली की मजुरीत नेमकं काय केलंत? मग मी सांगायला शिकलो आणि सांगता सांगता काम जास्त नीट व्हायला लागलं, कारण पावतीवर लिहिलेलं करून दाखवावं लागतं.

आता तुझं गणित मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तू तुझे घाल. महिन्याला २५ दिवस दुकान उघडं, दिवसाचे नऊ तास. त्यातले चार तास बोलण्यात, हवा भरण्यात, सामान आणण्यात जातात. प्रत्यक्ष हाताचे पाच उरतात. तासाला २०० रुपये मजुरी लावलीस तर महिन्याचे २५,००० होतात. जागा स्वतःची म्हणून भाडं नाही. वीज, ग्रीस, सोल्युशन, मोडणारी अवजारं आणि बुडणारी उधारी यांचे पाच हजार काढ, वीस राहिले. सामानावरचा नफा वेगळा. पावसाळ्यात काम निम्म्यावर येईल तेही त्यातूनच भरून काढायचं आहे, आणि पाऊस संपला की गंजलेल्या चेनींची रांग लागते, तेव्हाच वर्षाची बेगमी करायची. हेच गणित तासाला ५० रुपये धरून कर. सव्वासहा हजार येतात. आप्पा ज्याला "काळे हात" म्हणतात ना, ते हे सव्वासहा हजार आहेत. ग्रीस साबणाने निघतं रे.

आता हाताबद्दल. तिसरीपासून पंक्चर काढतोस म्हणजे तुझी सुरुवात चांगली झाली आहे, पण पंक्चर काढणं म्हणजे हे काम नव्हे. मेकॅनिकला पैसे मिळतात ते दोष हुडकण्याचे. गिऱ्हाईक म्हणतं "गियर पडत नाही" आणि मूळ असतं वाकलेल्या हँगरमध्ये, म्हणजे मागचा गियर ज्याला लटकतो त्या पट्टीत. ते म्हणतं "ब्रेक लागत नाही" आणि चूक असते चुकीच्या आउटरची, म्हणजे केबलवरच्या बाहेरच्या नळीची. ब्रेकच्या केबलचं आउटर स्प्रिंगसारखं वळवलेलं असतं, गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीने सरळ गेलेल्या असतात. गियरचं आउटर ब्रेकला लावलं तर रोज चालेलसुद्धा. पण ज्या दिवशी जीव खाऊन ब्रेक दाबावा लागेल त्या दिवशी ते फाटेल. यवतेश्वरचा घाट उतरताना हा फरक कुणाला कळावा अशी तुझी इच्छा असणार नाही.

आप्पांकडून घेण्यासारखं खूप आहे, ते आधी घे. त्यांना म्हण, एक हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, माझ्यासमोर उघडा. मी शिकलो तेव्हा उस्तादांनी मला महिनाभर फक्त हब उघडायला आणि बसवायला लावलं होतं. खाली कापड पसरायचं, कोन, म्हणजे आसावरचा निमुळता नट, सोडायचा, छर्रे कापडावर घ्यायचे. पुढच्या हबात दीड सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), एका बाजूला दहा. मागच्यात दोन सुती, एका बाजूला नऊ. रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरायचे. एकावर जरी डाग असेल तर सगळे बदलायचे, कारण जुन्यांत एक नवा टाकला की तो एकटाच भार घेतो. कोनाच्या चाकोरीत नख फिरवायचं, नख अडकलं तर कोन गेला. मग ग्रीस, छर्रे, कोन आणि शेवटी ते काम ज्याला बरोबर दोन बोटं लागतात: कोन आवळत न्यायचा, आस फिरवून बघायचा, खरखर लागली की किंचित सोडायचा, खेळ लागला की किंचित आवळायचा. जमलं का ते कसं ओळखायचं? चाक लावून सायकल उचलायची, चाक हलकेच ढकलून सोडून द्यायचं. ते फिरेल, मंदावेल, मग झोक्यासारखं मागेपुढे होत व्हॉल्व्हची जड बाजू खाली घेऊन शांत उभं राहील. व्हॉल्व्ह वरच अडकून थांबला तर कोन घट्ट आहे. उस्ताद काही बोलायचे नाहीत, फक्त चाक ढकलून बघायचे.

हे आप्पांना येतं. आता जे त्यांना न येण्याचा संभव आहे ते. क्विक रिलीज असलेल्या, म्हणजे पान्याशिवाय लिव्हरने निघणाऱ्या, चाकात आस पोकळ असतो आणि लिव्हर दाबली की तो किंचित आखडतो. म्हणून चाक सायकलीबाहेर असताना त्यात केसभर खेळ मुद्दाम ठेवायचा. लिव्हर लावली की तो नाहीसा होतो. आप्पांच्या सवयीने बाहेरच बरोबर केलंस तर लावल्यावर घट्ट होईल. हाताचं ज्ञान तेच आहे, त्याच्यापुढे एक पाऊल टाकायचं आहे. तुझा डिप्लोमा इथे उपयोगी पडणार, कारण का आखडतो हे तुला कुणी समजावून सांगायला नको.

तसंच मापांचं. "२६ चा टायर द्या" म्हणून गिऱ्हाईक येईल. एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, २६ चा टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, २६ बाय १ ३/८ चा ५९० वर. दोन्हींवर २६ लिहिलंय आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. याउलट रोड सायकलचा ७०० सी आणि एमटीबीचा २९ हे दोन्ही ६२२ वरच बसतात. म्हणून टायरच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला तीन आकडी नंबर वाचायची सवय लाव आणि दुकानाच्या भिंतीवर हा तक्ता रंगवून घे.

चेनचं माप तर कंपासपेटीतल्या पट्टीनेही होतं. पट्टी इंचांची हवी. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेव, चोवीस कड्या मोज. बरोबर १२ इंच भरले तर चेन चांगली. अर्धा सूत जास्त भरली तर बदल. पुरता एक सूत जास्त भरली तर चेनसोबत मागच्या चाकाच्या दातेरी चकत्याही खाल्ल्या गेल्यात असं समज. चेन ताणली जाते असं लोक म्हणतात, प्रत्यक्षात पिना आणि बुश झिजतात. हे गिऱ्हाइकाच्या हातात पट्टी देऊन त्यालाच मोजायला लाव. त्याच्या डोळ्यांना दिसलं की नवी चेन विकायला वेगळं बोलावं लागत नाही.

माझी एक चूक सांगतो, ती तू करू नकोस. हायड्रॉलिक ब्रेक नवीन नवीन यायला लागले तेव्हा एका तरुण डॉक्टरांची सायकल आली. लिव्हर मऊ लागत होती, तेल भरायचं होतं. मला वाटलं ब्रेकचं तेल म्हणजे ब्रेकचं तेल. मोटारीच्या दुकानातून डॉट ४ हे मोटारीच्या ब्रेकचं तेल आणलं आणि भरलं. दोन दिवस ब्रेक झकास लागला. तिसऱ्या दिवशी ते सिंहगडावरून उतरताना लिव्हर हँडलपर्यंत आत गेली. त्यांनी मागचा ब्रेक धरून, पाय घासत सायकल कडेला घेतली, म्हणून फक्त गुडघा सोलवटला. तो ब्रेक खनिज तेलावर चालणारा होता. डॉट तेलाने आतली रबरी सील फुगली होती. मी पूर्ण ब्रेक नवीन बसवून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि रात्री झोप आली नाही ती त्या पैशांसाठी नव्हे. शिमानोच्या ब्रेकना खनिज तेल लागतं, दुसऱ्या काही कंपन्यांच्या ब्रेकना डॉट. कुठलं ते बहुतेक वेळा लिव्हरवरच्या टाकीच्या झाकणावर छापलेलं असतं. माझ्या चष्म्याचा नंबर तेव्हा ठीक होता. मी वाचलं नव्हतं, बस. त्या दिवसापासून जे काम येत नाही त्याला "येत नाही, दोन दिवस द्या, शिकून सांगतो" म्हणायला लागलो. कोणीही त्यामुळे तुटलेलं नाही.

यातूनच कोर्सचं उत्तर येतं. इंग्लंडमध्ये सायटेक नावाचं प्रमाणपत्र आहे, अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात ॲशलंडला सायकल दुरुस्तीची नावाजलेली शाळा आहे. तिकडे त्या कागदाला वजन आहे. आपल्याकडे दुकानात आलेलं गिऱ्हाईक कागद विचारत नाही, सायकल किती वेळात आणि कशी परत मिळाली ते बघतं. लाखभर रुपये कोर्सवर घालण्यापेक्षा पुण्यातल्या एखाद्या वर्दळीच्या वर्कशॉपमध्ये सहा महिने ते वर्षभर पगारावर काम कर. तुझ्या दुकानात महिन्याला दोन डिस्क ब्रेक येतील, तिथे दिवसाला पाच हातातून जातील. हात संख्येने तयार होतो. रात्री शिमानोची मॅन्युअल वाच, ती कंपनीच्या साइटवर कुणालाही फुकट उघडता येतात. सायकलींची अवजारं बनवणाऱ्या पार्क टूल कंपनीचे व्हिडिओ बघ. इंग्रजी अडलं तरी चित्रं आणि टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे अडणार नाहीत. टॉर्क रेंच वापरायची तिथेच सवय कर. कार्बनच्या हँडलवर हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळणारा मेकॅनिक मी माझ्या दुकानात ठेवत नाही.

साताऱ्यात गिऱ्हाईक आहे का? मला वाटतं आहे, आणि आप्पांना ते दिसत नसेल तर त्याला कारण आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी भराभर सायकली घेतल्या. मग विक्री ओसरली आणि सगळे म्हणाले धंदा बसला. पण त्या सायकली कुठे गेल्या? पार्किंगच्या खांबाला टेकून धूळ खातायत. प्रत्येक सोसायटीच्या तळमजल्यावर तुझं कपाट भरलेलं आहे. रविवारी सकाळी सोसायटीत जाऊन दहा सायकली एकदम चालू करून दे, मजुरी आधी ठरवून.

दुसरी गोष्ट ऑनलाइन येणाऱ्या खोक्यातल्या सायकलींची. पंच्याऐंशी टक्के जोडलेली येते, बाकी घरी जोडा म्हणतात. माझ्याकडे महिन्यातून एक तरी अशी येते जिचा पुढचा फोर्क उलटा बसवलेला असतो, मुलगा तशीच चालवत असतो आणि बाप म्हणतो "हँडल जरा विचित्र वाटतं". डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसल्याने क्रँकचे आटे मारलेले तर कितीतरी. सायकल दुकानातून घेतली नाही म्हणून त्या माणसावर राग धरू नकोस. जोडणीचे पैसे सांग आणि नीट जोडून दे, पुढची पाच वर्षं तो तुझा.

तिसरं, लांब पल्ल्याचे सायकलवाले. आपल्या राज्यात हे वेड खरोखर रुजलंय. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने केली. त्यांच्यामागून कितीतरी डॉक्टर, शिक्षक, बँकवाले २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकल फेरीला, उतरले. ती साडेतेरा तासांत संपवायची असते. शनिवारी ज्याची ब्रेव्हे असते तो गुरुवारी तुझ्याकडे येतो. त्याला स्वस्त नको असतं, शुक्रवारी संध्याकाळी सायकल हवी असते. हा माणूस आज साताऱ्याहून सायकल गाडीत टाकून पुण्याला माझ्यासारख्याकडे आणतो. तू दिलेली वेळ पाळलीस तर तो कशाला येईल?

आणि गावांकडच्या मुलींना विसरू नकोस. मानव विकास कार्यक्रमात शाळेच्या मुलींना सायकली मिळाल्या, पण ज्या तालुक्यांत त्या पोचल्या तिथे पंक्चरचं दुकान सात-आठ कोसांवर असतं. मागच्या चाकाच्या एका फ्रीव्हीलसाठी (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या चकतीसाठी) सायकल गोठ्यात पडून राहते आणि मुलगी पुन्हा पायी. बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन अशा एखाद्या गावात बस. फार पैसे मिळणार नाहीत. मी तरी ते काम धंद्यात धरणार नाही, पण सोडणारही नाही.

ई-सायकलींनी धंदा बुडत नाही, वाढतो. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर नोंदणी, लायसन्स लागत नाही, म्हणून शाळा-कॉलेजची मुलं आणि पेन्शनर दोघंही घेतात. वजन जास्त, म्हणून टायर, ब्रेकपॅड, मागच्या चाकाच्या तारा लवकर जातात. हे सगळं तुझंच काम. "मोटर चालत नाही" म्हणून येणाऱ्या कितीतरी सायकलींत मोटर ठणठणीत असते. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच लिव्हरमध्ये अडकलेला असतो, नाहीतर एखाद्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. मल्टिमीटर घे आणि शीक. बॅटरीचा पॅक मात्र उघडू नकोस. लिथियमची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही.

शरीराचं बोलतो, कारण आप्पा हे तुला सांगणार नाहीत. उकिडवं बसून काम करणाऱ्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांचे गुडघे गेलेत, माझा उजवा गेलाय. पहिला पैसा सायकल टांगायच्या स्टँडवर घाल, छातीच्या उंचीवर काम कर. रॉकेलने हात धुऊ नकोस, चामडी फाटते. सोल्युशन बंद खोलीत लावू नकोस. बाकी अवजारं एकदम घेऊ नकोस. ॲलन कीचा चांगला संच, चेन कटर, कॅसेटचा (मागच्या गियरच्या चकत्यांचा) पाना, टॉर्क रेंच, आउट काढायचा स्टँड, ब्रेकमध्ये तेल भरायचा संच, एवढ्यावर सुरुवात होते. सरकारच्या मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण माझं ऐकशील तर पगारातून महिन्याला एक अवजार घे. हप्ता नसलेल्या दुकानाला पावसाळा भारी पडत नाही.

लग्नाबद्दल लांबण लावत नाही. "मुलगा ऑटोमोबाइलमध्ये आहे" असं मध्यस्थाला सांगू देऊ नकोस. सायकल दुरुस्त करतो म्हण, गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा कागद) आणि बँकेचं पासबुक दाखव, रिटर्न भर आणि तेही दाखव. उठून जाणाऱ्यांना चहा पाजून निरोप दे. माझ्या सासऱ्यांनी माझ्या हातांकडे बघून विचारलं होतं, "हे रोज निघतं का?" मी "साबणाने निघतं" म्हणालो. त्यांच्या मुलीला ते पुरलं.

राहिले आप्पा. त्यांच्याशी वाद घालू नकोस. "तुमचं जुनं झालं" हे वाक्य तर तोंडातून येऊच देऊ नकोस. दुकानाच्या पाटीला हात लावू नकोस, हवा भरायला येणाऱ्या दूधवाल्याला नव्या स्टँडच्या नादात बाहेर उभा करू नकोस. ज्या माणसाने १९८८ पासून शटर रोज उघडलं त्याला पोराच्या पगाराच्या चिठ्ठीत सुरक्षितता दिसते, यात त्याचं काय चुकलं? पण तीन वर्षांत तुझं कॉन्ट्रॅक्ट किती वेळा तुटलं हेही त्यांना माहीत आहे. त्यांना आकडे दाखवावे लागतील, आणि आकडे दुकानातच तयार होतील.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नकोस. सहा महिने फक्त तुझ्या सुट्टीचा दिवस दुकानात दे. एक वही घे, पानावर मधोमध रेघ मार. प्रत्येक सायकलीसमोर किती मिनिटं लागली ते लिही, सामान एकीकडे, मजुरी एकीकडे. आप्पा "त्याच्याकडून कसली मजुरी घेतोस, ओळखीचा आहे" म्हणतील. ओळखीच्याला सवलत दे, पण पूर्ण मजुरी लिहून मग खाली सवलत लिही, म्हणजे आप्पांनी आजवर किती दिलं ते त्यांनाही दिसेल. सहा महिन्यांनी वही त्यांच्यासमोर ठेव. त्या चोवीस-पंचवीस सुट्ट्यांची मजुरी तुझ्या एका महिन्याच्या पगाराच्या वर गेली असेल तर पुण्याला वर्षभर हात तयार करायला ये, आणि मग परत जा. गेली नसेल तर मला पुन्हा लिही, वहीच्या पानांचे फोटो पाठव, आपण बघू दर चुकलाय की वेळ.

पहिल्या सुट्टीला सुरुवात कर. आप्पांना एक हब उघडायला लाव, तू कापड पसर आणि छर्रे मोज. मागच्या हबात, एका बाजूला नऊ.

तुझा,
काका